नियम क्रमांक चार

बाबांच्या दुकानात गल्ल्याच्या वर पाटी होती: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ त्या पाटीखाली बसूनच बाबा सर्रास माल परत घ्यायचे. गिऱ्हाईक आलं की आधी चपलेचा तळ बघायचे, मग त्याचं तोंड. तळ कोरा असला की म्हणायचे, “बरं, दुसरी घालून बघा.” मळलेला असला की पाटीकडे बोट.

मी कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकायला लागले तेव्हा ‘रिटर्न पॉलिसी’चं पान भरायचं म्हणून ‘सात दिवसांत परत’ एवढं लिहिलं आणि मोकळी झाले.

दोन महिन्यांत डोळे उघडले. हातानं केलेली चप्पल; एका कारागिराचा सात नंबर दुसऱ्याच्या सातशी तंतोतंत जुळत नाही. शिवाय नवी कोल्हापुरी चावतेच. थोडं तेल लावून चार दिवस घातली की चामडं सैल होतं, पण हे पुण्या-मुंबईच्या सगळ्यांना कुठून माहीत असणार? ‘चावते’ म्हणून जोड परत यायचे. एक तर तळाला चिखलासकट आला. कुरियरचे जायचे नव्वद, यायचे नव्वद. एक जोड परत आला की दुसऱ्या विकलेल्या जोडाची कमाई गेली.

मग रागारागात नियम केले. एक, चप्पल घातलेली नको. दोन, तळ कोरा हवा. तीन, चावणं आणि करकर वाजणं हा दोष नाही. चार, पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ नसेल तर तक्रार घेतली जाणार नाही. चौथ्या नियमाचा मला विशेष अभिमान होता.

पावसाळ्यात नाशिकहून एका ताईंचा मेसेज आला. डावी चप्पल सात नंबरची, उजवी आठची. सोबत फोटो. मी व्हिडिओ मागितला. “पार्सल बाबांनी उघडलं. ते पंचाहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना व्हिडिओ कुठून सुचणार?” मी नियम क्रमांक चार कॉपी करून पाठवला. खाली हात जोडल्याचं इमोजी. मनात म्हटलं, असे बहाणे खूप पाहिलेत.

दिवाळीआधी माल मोजताना तळाशी एक खोकं सापडलं. डावी आठ, उजवी सात.

ते खोकं मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसले. मग कायदा वाचला, जो आधी वाचायला हवा होता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. म्हणजे मी ज्याचा अभिमान बाळगला तो नियम, निदान त्या ताईंच्या बाबतीत, नियमच नव्हता.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “पाटी लबाडासाठी असते गं, गिऱ्हाइकासाठी नाही.” खरं आहे. पण बाबांना तोंड दिसायचं. मला दिसतो ऑर्डर नंबर. तोंड बघून जे ठरायचं, ते आता मला आधीच लिहून ठेवावं लागणार होतं.

ताईंना फोन केला, चूक कबूल केली, पैसे परत करते म्हटलं. त्या म्हणाल्या, “पैसे नकोत. नवा जोड पाठवा. उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळून घालतात बाबा.”

आता पान नव्यानं लिहिलंय. चूक आमची असेल तर फोटो पुरे. दोन्ही वेळचं कुरियर आमचं, पैसे किंवा नवा जोड, तुम्ही म्हणाल ते. नंबर बसला नाही तर एकदा बदलून, पाठवायचा खर्च तुमचा. चावत असेल तर परत करण्याआधी फोन करा. आणि ऑर्डरआधी कागदावर उभं राहून पेन्सिलीनं पाऊल आखा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत किती सेंटिमीटर ते कळवा.

लबाड अजूनही येतात. मागच्या महिन्यात लग्नात मिरवून आलेला जोड परत आला, तळाला अक्षता चिकटलेल्या. तो मी घेतला नाही.

पण खोकं बंद करण्याआधी दोन्ही चपलांचे नंबर मी मोठ्यानं वाचते. सात. सात.