मेले ते किडे, अंडी नव्हेत

टाकीतलं ॲक्रोपोरा हे फांद्यांचं प्रवाळ निस्तेज दिसू लागलं की पाळणारा आधी दिव्यांवर संशय घेतो, मग पाण्यातल्या क्षारांवर. फांद्यांवर बारीक, गोल, पांढुरके डाग दिसले की चोर घरातच आहे हे कळतं. हा चोर म्हणजे एक चपटकृमी. तो प्रवाळ खाता खाता त्यातलं सूक्ष्म शैवाल आणि रंगद्रव्यंही पोटात साठवतो. ज्याला खातो त्याच्याच रंगाचा होतो. भिंग हातात असूनही नजर त्याच्यावरून घसरते.

शास्त्राला तो आधी भेटला टाकीत. २०११ साली त्याचं नामकरण झालं ते अमेरिकेतल्या मत्स्यालयातल्या नमुन्यांवरून. ऑस्ट्रेलियातल्या लिझार्ड बेटाजवळ, मोकळ्या समुद्रात, तो सापडला नंतर. आता त्याला प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी म्हणतात.

उपाय सोपा वाटतो. प्रवाळ आयोडीनच्या किंवा तयार डिपच्या, म्हणजे कीड काढणाऱ्या द्रावणाच्या, पाण्यात काही मिनिटं ठेवायचं आणि पिचकारीने फांद्यांवर जोरात पाणी मारायचं. किडे सुटून तळाशी पडतात. भांडं पांढरं असलं तर लगेच दिसतात. नवशिका इथेच खूश होतो. पण बुंध्याजवळच्या उघड्या सांगाड्यावर तपकिरी ठिपक्यांचे पुंजके चिकटलेले असतात, आणि या अंड्यांच्या कवचापुढे डिपचं काही चालत नाही. म्हणून मुरलेला माणूस मेलेला बुंधा छाटून टाकतो, अंडी ब्लेडने खरवडतो आणि निरोगी फांदी नव्या प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, चिकटवतो. त्यानंतर काही आठवडे डिप पुन्हा पुन्हा. पाणी जितकं उबदार, तितकी अंडी लवकर फुटतात. बाहेर आलेली पिल्लं स्वतः अंडी घालण्याआधी गाठायची असतात.

मदतीला मासे आणि कोळंबीही असतात. सहा रेघांचा रास (wrasse) मासा हे किडे टिपतो, आणि लायस्माटा विटाटा ही कोळंबी अंडीही खाते, असं ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत दिसलं आहे. मात्र हा रास भांडखोर. नंतर सोडलेल्या गरीब माशांना तो सुखाने राहू देईलच असं नाही. शिवाय त्याने किडे कमी केले म्हणजे टाकी स्वच्छ झाली, हेही खरं नव्हे.

भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवणच्या समुद्रातलं प्रवाळ तिथेच पाहावं. ही डोकेदुखी मुख्यतः परदेशातल्या छंदिष्टांची.

त्यांनाही सर्वांत जड जातं ते वर्षानुवर्षं वाढवलेल्या मोठ्या वसाहतीचं काम. ती खडकावर पसरून घट्ट बसलेली असते, डिपच्या भांड्यात मावत नाही. मग हाडं कापायची कातर घेऊन निरोगी टोकं तेवढी काढतात आणि बाकीची वसाहत खडकासकट बाहेर जाते.