निरंक

जैववैद्यकीय कचरा म्हणजे रुग्णाचे निदान, उपचार किंवा लसीकरण करताना निघणारा कचरा: रक्ताने भिजलेला कापूस, वापरलेल्या सुया, सलाईनच्या नळ्या, शस्त्रक्रियेत काढलेले अवयव, मुदत संपलेली औषधे. भारतात त्यासाठी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली पहिले नियम १९९८ मध्ये आले. त्यांत कचऱ्याचे दहा वर्ग होते. हातात पिशवी आणि समोर तीस खाटा असताना दहा वर्ग कोणाच्या लक्षात राहणार? २०१६ च्या नियमांनी ते चार रंगांवर आणले, हे शहाणपणाचे झाले.

पिवळ्या पिशवीत कापूस, ड्रेसिंग आणि अवयव. हा कचरा बहुतांशी जाळला जातो. लाल पिशवीत नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज. त्या वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला पाठवल्या जातात. काच निळ्या डब्यात. सुया आणि ब्लेड मात्र भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यातच. प्रक्रिया न केलेला कचरा सहसा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि ७५ किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्र असेल, तर रुग्णालयाला स्वतःचे केंद्र उभारता येत नाही. हे सारे कशासाठी, ते गुजरातेतील मोडासा येथे २००९ मध्ये दिसले: तिथल्या हिपॅटायटिस बीच्या साथीत वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचे उघड झाले.

तरीही नियम टिकतो किंवा मोडतो तो भट्टीपाशी नव्हे, खाटेपाशी. प्रस्तुत लेखिका तालुक्याच्या एका रुग्णालयात परिचारिका असतानाची गोष्ट. रात्रपाळीत पिवळी पिशवी बांधता बांधता मावशी थबकल्या. “सिस्टर, जरा टोचलं.” कापसात सुई होती. कोणी टाकली, ते कधीच कळले नाही. सुई जागीच कापणारा हब कटर ट्रॉलीवर हवा. तो होता स्टोअरमध्ये, खोक्यात, तपासणीला येणाऱ्यांना दाखवण्यापुरता. मावशी बोट पिळू लागल्या. तसे करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. एचआयव्ही रोखणारे औषध शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. त्या रात्री ते सुरू झाले, एवढे तरी नशीब.

कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. परिचारिकांना ती मिळाली होती. मावशी कंत्राटी होत्या, त्यांच्या लशीची आठवण कोणालाच झाली नव्हती.

अशा अपघाताची नोंद ठेवावी लागते आणि वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत नियामक यंत्रणेकडे पाठवावा लागतो. त्या वर्षीचा अहवाल वेळेवर गेला. अपघातांच्या रकान्यात लिहिले होते: निरंक.