कावळा आणि कॅल्शियम

आमच्या फ्रिजची पंचवटीत ख्याती आहे. शेजाऱ्यांचं श्रीखंड, वरच्या आजोबांचं इन्शुलिन, कुणाकुणाच्या लग्नाचे गजरे, सगळे तिथे मुक्काम करून गेले आहेत. पण परवा पुण्याहून पुतणी आली, थर्मोकोलच्या डब्यातून बोटाच्या पेराएवढी कुपी काढली आणि म्हणाली, "काका, रात्रभर ही २ ते ८ अंशांत हवी. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. उद्या इथल्या कॉलेजात प्रात्यक्षिक दाखवायचंय."

"आहे काय त्यात?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"ॲनेक्सिन ए-५. माणसाचं प्रथिन."

सौभाग्यवतींचा हात फ्रिजच्या दारावरच थिजला. ज्या फ्रिजने कधी अंडं पाहिलं नाही, त्यात माणूस!

"काकू, माणसाचं फक्त जनुक. ते जंतूंत घालतात आणि जंतू प्रथिन बनवतात."

"म्हणजे जंतूंच्या हातचं!" असं पुटपुटत त्यांनी कुपी नैवेद्याच्या लोण्यापासून लांब, मेथीच्या जुडीशेजारी ठेवली.

जेवताना पुतणीने सगळं समजावलं. १९८५ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांना हे प्रथिन बाळाच्या नाळेच्या रक्तवाहिन्यांत सापडलं. रक्त गोठू न देणारं म्हणून त्याचं कौतुक झालं. खरी नोकरी त्याला १९९४ च्या सुमारास लागली, मरू लागलेल्या पेशी ओळखण्याची. पेशीच्या आवरणाला दोन थर असतात. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ निरोगी पेशी आतल्या थरात ठेवते, सभ्य माणूस बनियन सदऱ्याखाली ठेवतो तसा. वेळ भरली की तो बाहेर येतो. मग सफाईवाल्या पेशी येऊन तिला गिळतात. ॲनेक्सिन नेमकं त्याच पदार्थाला चिकटतं. त्याला आधी चमकणारा रंग जोडला, की मरणारी पेशी हिरवी दिसते.

"आणि धडधाकट पेशीला?"

"शिवत नाही."

रामकुंडाच्या गावात जन्म काढलेल्या माणसाला एवढा शब्द पुरे. "म्हणजे कावळाच की!" मी ओरडलो.

पुतणी हसली. "पण काका, ह्या कावळ्याला कॅल्शियम लागतं. ते नसेल तर समोर पेशी मरून पडली तरी हा ढुंकून बघत नाही. मागाहून काढून घेतलं, तर धरलेलंही सोडतो."

माझा घास हातातच राहिला. सोळा वर्षांपूर्वी गोदाकाठी दादाचा दहावा होता. पिंडाला कावळा शिवेना. गुरुजी घड्याळ बघत होते. "घरातला वाटा वहिनीला देतो," म्हटलं. कावळा पंख साफ करत बसला. "कर्ज फेडतो," म्हटलं. त्याने मान फिरवली. शेवटी, पगार किती ते ठाऊक असूनही, हात जोडून म्हणालो, "पोर शिकेल तितकी शिकवतो." कावळा खाली आला.

पोर तेव्हा आठ वर्षांची होती. हे तिला कधी सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं.

ती बराच वेळ ताटात बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे काका, कॅल्शियम तुम्ही घातलंत."

"आणि अजून काढून घेतलेलं नाही," एवढंच मला सुचलं.

त्या रात्री दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा उठून पाहिलं, तर अंधारात सौभाग्यवती फ्रिजला पाठ लावून उभ्या. म्हणाल्या, "खबरदार दार उघडाल तर! पोरीचं माणूस आहे आत."