गिरणाकाठचा इंग्रजीचा तास

गावात इंग्रजीचा मास्तर म्हणजे सगळ्यांच्या कागदांचा वाचक. बियाण्याच्या पाकिटावरचा बारीक मजकूर, फवारणीच्या औषधाची माहितीपत्रिका, दवाखान्याचा रिपोर्ट, काहीही असो. “सर, एवढं वाचून सांगा बरं” म्हणत माणूस ओट्यावर येऊन बसतो. इंग्रजीची लोकांशी गाठ पडते ती अशी, अडल्यानडल्या वेळी. पोरांच्या मनात तिचा धाक बसतो तोही इथूनच.

तो धाक मला ठाऊक आहे. मी भडगाव तालुक्यातला, गिरणाकाठचा. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी आणि पाचवीत इंग्रजी. पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. आमच्या वेळी ती पाचवीतच भेटे. पुस्तकी मराठीही मी शिकूनच घेतली होती, त्यामुळे परक्या भाषेच्या दारात ताटकळायची सवय लहानपणीच लागली. आज धुळ्यात शिकवताना बी. एड.च्या कागदापेक्षा ही सवयच जास्त उपयोगी पडते. पोरगं कुठे अडणार, हे ते अडण्याआधी कळतं.

भडगावला इंग्रजी शाळेत शिकवणारा एक मास्तर आमच्या आजोबांच्याही आधी होऊन गेला. मुंबईत प्लेग आला म्हणून १८९७ साली तो खानदेशात आला आणि नगरपालिकेच्या अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेत लागला. पुढे १९०१ मध्ये फैजपूरला मुख्याध्यापक, १९०४ मध्ये धारवाडला बदली आणि १९०५ मध्ये हुबळीला मृत्यू. वयाची चाळिशीही गाठली नाही. कृष्णाजी केशव दामले त्यांचं नाव, मराठी त्यांना केशवसुत म्हणते. इंग्रजी कवितेतलं सुनीत त्यांनी मराठीत आणलं, पण आत भरलेलं दुःख, संताप, दारिद्र्य सगळं इथलं. परकी भाषा कशासाठी वाचायची, याचा इतका चांगला धडा मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळाला नाही.

त्याच वर्षांत, त्याच जिल्ह्यात, आसोद्याची एक लेक जळगावात नांदत होती. १८८० चा जन्म, अक्षरओळख नाही. बहिणाबाई चौधरी. तिची गाणी तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली. पुस्तक निघालं १९५२ साली, ती गेल्यानंतर. पूर्व आणि पश्चिम असे खानदेशचे तुकडे १९०६ साली पडले, त्याआधीच्या एकाच मुलखातली ही दोन माणसं. त्यांची गाठ माझ्या वर्गात पडते.

गाठ घालून देतो वर्डस्वर्थ. शेतात एकटीच कापणी करत गाणाऱ्या मुलीवरची त्याची कविता मी दरवर्षी घेतो, पुस्तकात असो वा नसो. पुस्तकं मिटायला लावतो, दोनदा मोठ्यानं वाचतो, अर्थ सांगत नाही. नुसतं विचारतो, कोण दिसलं? एकदा शेवटच्या बाकावरची मुलगी उठली. “सर, हाई ते मनी माय शे. ती बी कपाशी येचता येचता एकलीच गाना म्हनस.” वर्ग हसला. मग मी सांगितलं, स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली ती मुलगी काय गातेय, हे कवितेतल्या वाटसरूला कळतच नाही. भाषा वेगळी. कुणी सांगेल का, म्हणून तो विचारत राहतो आणि गाणं मनात घेऊन पुढे जातो. न कळण्याची लाज त्या दिवशी अर्ध्या वर्गाची गेली. इंग्रज कवीलाही कळलं नव्हतं, मग आपलं काय बिघडलं!

नंतर प्रत्येकानं आपापल्या आईवर चार वाक्यं लिहिली. त्या मुलीच्या वहीत होतं, ‘माय मदर सिंग्ज. कॉटन लिसन.’ राहिलेला एक ‘एस’ मी लाल शाईनं घातला, बाकी हात लावला नाही.

परीक्षेला हे चालत नाही. तिथे ‘अप्रिसिएशन’ लागतं: कवी कोण, यमक कुठलं, अलंकार कोणता. पोरं ते गाईडमधून पाठ करतात आणि मी अडवत नाही. आयटीआय असो की पोलीस भरती, दहावीची पायरी चढावीच लागते. मात्र कविता आधी कानावरून गेली असली की गाईडचं पान अर्ध्या तासात उरकतं, हा माझा अनुभव.

‘पोरगं फाडफाड कधी बोलेल?’ हा पालकांचा ठरलेला प्रश्न. त्याला घरचं बोलणं वर्गात बोलू द्या, असं माझं उत्तर. ते सगळ्यांना पटतंच असं नाही. फाडफाडवाले क्लास धुळ्यातल्या देवपुरात बरेच आहेत.

यंदा नववीनं उलटाच घाट घातला आहे, बहिणाबाईंना इंग्रजीत न्यायचा. पहिल्याच ओळीवर दोन बाकांचं जुंपलं. एकाला शब्द हवा होता, दुसऱ्याला चाल. आवाज ऐकून मुख्याध्यापक दारात आले, काय चाललंय म्हणून.

“इंग्रजीचा तास,” मी म्हटलं.