काठावरची ओळख

भद्रावती, जि. चंद्रपूर

प्रिय ताई,


पन्नाशी उलटल्यावर कुंभाराच्या चाकावर बसून मी नेमकं काय शोधते, असं तू विचारलंस. फोनवर हे बोलणं पुरं झालं नसतं, म्हणून लिहिते.

मला हे शिकता आलं त्यात या गावाचा वाटा मोठा. खेड्यातल्या कुंभाराला सुधारित तंत्र मिळावं, त्याचा धंदा टिकावा, या ध्यासाने गांधीविचाराचे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी इथे ग्रामोदय संघ उभा केला. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली नई तालीमचे कलाशिक्षक म्हणून आले. ते स्वतः कुंभारकाम करत आणि कला हा शिक्षणाचा पाया मानत. त्यांनी ते मुलांसाठी म्हटलं. मला ते आपल्या वयालाही तितकंच लागू वाटतं. आपल्याला शाळेत चित्रकलेचा तास होता, पण हाताने काही घडवायचं शिक्षण कोणी दिलं नाही.

ताई, सुरुवातीला चाकाला हात लावायलाच मिळत नाही. माती वाळवायची, फोडायची, भिजवायची, गाळायची, मग मळायची. आत हवेचा फुगा किंवा चुनखडीचा खडा राहिला तर भांडं पुढे दगा देतं. मग गोळा चाकावर मधोमध आणायचा. तो तसूभर जरी सरकलेला असला तरी भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ उठते. इथे मनगटाचा जोर चालत नाही. कोपर मांडीवर टेकवायचं, अंग स्थिर ठेवायचं आणि फिरत्या मातीला तळहाताचा एकसारखा दाब द्यायचा. गोळा मधोमध आला की हाताखालची थरथर थांबते. त्या क्षणी मला जो आनंद होतो, तसा मला इतर कशातच मिळालेला नाही.

मला शिकवणारे काका पिढीजात कुंभार. एकदा म्हणाले, "काठ शेवटी नका पाहू जी, काठ पहिलेच मनात पाहिजे." ते दिवसभर एकाच आकाराचे माठ करतात. वेगळं काही करून दाखवायची त्यांना हौस नाही. तरी बाजारात दहा जणांचे माठ एकत्र मांडले तर त्यांचा मी काठावरून ओळखते. बोट शेवटी जिथून सुटतं, तिथे त्यांचा हात राहिलेला असतो. गडचिरोलीकडच्या आठवडी बाजारातही मी आता माठांचे काठच आधी बघते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. माझ्यात काय आहे ते मातीत ओतायचं, अशा समजुतीने मी इथे आले नव्हते, आणि तसं झालंही नाही. एकच वाडगा पुन्हा पुन्हा करताना लक्षात आलं की माझा हात दरवेळी तोंड रुंद ठेवतो आणि काठ किंचित आत वळवतो. असं करायला कोणी सांगितलं नव्हतं. मला काय आवडतं हे इतकी वर्षं मी नवऱ्याच्या, मुलांच्या, शाळेच्या सोयीने ठरवत आले. हा वळलेला काठ मात्र निखळ माझा आहे.

भट्टी हा वेगळाच अभ्यास. वाळलेल्या दिसणाऱ्या भांड्यातही पाणी असतं. घाईने आच वाढवली तर त्याची वाफ भांडं फोडते. ५७३ अंश सेल्सिअसला मातीतल्या गारेच्या कणांची रचना बदलते, म्हणून त्या टप्प्यावरून चढताना आणि उतरताना सावकाश जावं लागतं. नागपूरजवळच्या माहूरझरी, नायकुंडसारख्या महापाषाणयुगीन स्थळांवर आतून काळी, बाहेरून लाल अशी भांडी निघाली आहेत. अशी भांडी बहुधा पालथी रचून भाजत असत. आत हवा पोचत नाही, तिथे काळं पडतं. बाहेर हवा लागते, तिथे लाल. मातीतलं लोह आणि हवा यांचा हा हिशेब विदर्भातल्या हातांना अडीच हजार वर्षांपूर्वी जमला होता. त्या लोकांची नावं कुठेच नाहीत, पण मला ते फार जवळचे वाटतात.

पुढच्या भाजणीतला एक माठ तुझ्यासाठी ठेवते. मिळाला की आधी पूर्ण दिवस पाण्याने भरून ठेव आणि ते पाणी टाकून दे. साबण अजिबात लावू नकोस, मातीची छिद्रं बुजतात आणि मग पाणी गार होत नाही. मे महिन्यात तुमच्याकडेही त्याचा उपयोग होईल. काठ तुझ्या ओंजळीला नीट लागतो का, ते मात्र लगेच कळव. पुढचा त्याप्रमाणे करीन.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी