तण आणि मुनिया

अर्थपरिवर्तनाचा अभ्यास करताना ‘अर्थसंकोच’ ही संज्ञा तुमच्या वाचनात येते. तिचे एक उदाहरण मला लोणखेड्यातील माझ्या परसात रोज दिसते. संस्कृतातील ‘तृण’ म्हणजे केवळ गवत. प्राकृतातून मराठीत उतरलेला ‘तण’ मात्र पिकात नको असलेले, उपटून टाकण्याजोगे गवत झाला. हा संकोच शब्दापुरता राहिला असता तर बिघडले नसते.

परसात मुनिया याव्यात असे अनेकांना वाटते. चिमणीहूनही लहान, आखूड व जाड चोचीचे हे पक्षी थव्याने वावरतात. इंग्रजीत ज्यांना ‘फिंच’ म्हणतात त्यांच्याशी यांचे साम्य आहे. कुळ मात्र वेगळे. ताटलीत ज्वारी पसरली की आधी होले आणि चिमण्या येतात. मुनियेला बारीक दाणा हवा, आणि तो शक्यतो कणसातच हवा. वाकलेल्या ताटावर बसून एकेक दाणा टिपायचा, चोचीतच त्याचे टरफल काढायचे, ही तिची रीत. म्हणून न सडलेला राळा किंवा बाजरीचे अखंड कणीस बोरीसारख्या काटेरी झुडपाजवळ टांगावे. मांजराची चाहूल लागताच त्यांना आत शिरता येते. पावसाळ्यात भिजून बुरशी आलेले दाणे मात्र तत्काळ काढून टाकावेत.

अमेरिकेत हाच छंद मोठ्या व्यापाराचा विषय आहे. तेथील फिंच पक्ष्यांसाठी भारतातून आणि इथिओपियातून कारळे जातात. आपण ज्यांची चटणी करतो तेच. अमेरिकेत ते रुजू नयेत म्हणून उष्णतेची प्रक्रिया केलेले असतात. त्यांच्या इंग्रजी नावाचा उच्चार एका वर्णद्वेषी शिवीच्या जवळ जाई, म्हणून व्यापाऱ्यांनी त्याचे लेखनच बदलले. शब्द माणसाला किती अडवू शकतो!

आपल्या मुनियांना इतक्या खटाटोपाची गरज नाही. त्यांचे कोठार म्हणजे बांधावरचे गवत. हराळी, कुंदा, रानटी सावा यांचे बी त्या खातात आणि गवताच्याच पात्यांचे गोल घरटे काटेरी झुडपात विणतात. शहादा परिसरातील ऊस, केळी, पपईच्या बागांतून आता बांधावरही तणनाशक फवारले जाते. पिकातले गवत काढण्यास माझा विरोध नाही. शेतकऱ्याला ते परवडणारे नाही. पण बांधावर कोणते पीक असते? तेथील गवतालाही आपण ‘तण’ म्हटले, आणि त्या शब्दाबरोबर फवारणीचा पंपही तेथे पोहोचला. माझ्या परसाचा एक कोपरा मी दिवाळीपर्यंत कापू देत नाही. तुरे पिकले की टांगलेल्या कणसाकडे मुनिया फारशा फिरकत नाहीत, हे मी अनेक वर्षे पाहतो आहे.

नावांमध्ये असा इतिहास साठलेला असतो. लाल मुनियेच्या शास्त्रीय नावातील ‘अमंदवा’ म्हणजे आपल्या शेजारच्या गुजरातमधील अहमदाबाद. पिंजऱ्यांत भरून हे पक्षी तेथून परदेशी जात. त्यांना पकडणे आज कायद्याने गुन्हा आहे.

या घटकाचा स्वाध्याय म्हणून एक काम करा. आपल्या गावातील वृद्धांना बांधावर घेऊन जा आणि प्रत्येक गवताचे नाव विचारा. अहिराणी, गुजरी, भिली, पावरी, ज्या बोलीत ते मिळेल त्या बोलीतच, उच्चारासह लिहून घ्या. फवारणीपूर्वी, म्हणजे आषाढातच, हे काम केलेले बरे.