ठोका नेमका कुठला?
जुनं डिझेल इंजिन ठोकू लागलं की निदान थेट बेअरिंगवर येतं. मला ती घाई वाटते. मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात आयडलिंगला एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट जरासा सैल करून पाहावा. (कॉमन रेलवर हे चुकूनही नको, तिथला दाब जिवावर बेततो.) आरपीएम पडलाच नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नाही. ठोका थांबला, तर आवाजाचं घर सापडलं. पण सिलिंडरवरचा भार उतरला की बेअरिंगही गप्प होतं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तो इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरला लावावा. तांब्याचा वॉशर मात्र नवा. ठोका इंजेक्टरमागोमाग गेला, तर नोझल गळतंय किंवा अडकतंय. जागीच राहिला आणि ऑइल प्रेशरही पडलेलं असेल, तर खुशाल ऑइल चेंबर उतरवा.